अर्धविरामांचा तुटवडा

पिलबीम साहेबाला मी आधी उलटा वाचला.
म्हणजे शिशात, आरशातल्यासारखा.
अर्थ ठाऊक नव्हता, अक्षरांची तोंडं तेवढी ओळखीची.
मी झिंगराजी, हेडाऊ कोष्ट्याचा पोर.
गिरणी आली, आमचा माग बसला,
मागाच्या खड्ड्यातून काढलेले पाय
थेट छापखान्याच्या फरशीवर उभे राहिले.
बाप म्हणायचा, हेही विणणंच आहे बे,
धागा शिशाचा, अन् नेसणारं कोणी नाही.

दिवसा साहेब बांधकाम खात्यात नकाशे काढी.
सदरच्या वाटेवरची शाळा त्याचीच,
खिडक्या चर्चसारख्या टोकदार, उंचावर,
वैशाखात आत पोट्टे भाजून निघत.
रात्री खसाच्या ताटीमागे, कंदील पुढ्यात घेऊन
शनिवारच्या पत्रात त्याच शाळेला तो फाडून खाई,
निनावी.
ज्याने ही खिडकी काढली
त्याला एक उन्हाळा तिच्याखाली बसवा, असं काहीसं.
हे मला गोम्स फोरमननं फार नंतर सांगितलं,
हसता हसता त्याला खोकला लागला होता.

माझी अडचण निराळीच.
साहेब वाक्य संपवतच नसे.
अर्धविराम, पुढे आणखी एक अर्धविराम,
जसा जिन्यावर दम खायला थांबलेला माणूस,
वर अजून मजला आहे.
केसच्या त्या खणात चाळीस खिळे,
दुसऱ्या रकान्यापर्यंत खण झाडून साफ.
कामठीच्या मिशन प्रेसमधून उसने आणायचे.
एकदा मी स्वल्पविरामाच्या डोक्यावर
कानशीनं घासून टिंब बसवलं.
साहेबानं प्रूफ डोळ्याशी धरलं,
मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला,
हा लंगडा आहे, पण चालतोय.

मग मनोरा आला.
कागदावर चार बाजू, चार तबकड्या.
जहाजातून उतरल्या तीन.
चौथीचे पैसे कुठल्याशा बँडस्टँडच्या छपराला गेले
आणि कोष्टीपुऱ्याकडची बाजू तशीच राहिली.
दगडाचा नुसता गोल, काटे नाहीत, आकडे नाहीत,
थापून ठेवलेली
अन् तव्यावर टाकायची राहून गेलेली भाकर.
आमच्यात बोलणंच पडलं, जा, मनोऱ्याला विचार.
म्हणजे उत्तर मिळायचं नाही.

त्या आठवड्यात त्यानं दोन अख्खे रकाने दिले.
तोवर मला थोडे शब्द लागू लागले होते,
घड्याळ, विणकर, लाज.
वास्तुकारानं दोनदा पैसे मागितले, असं होतं,
तिसऱ्यांदा मागायला तो भ्याला.
रात्री दीडला खण रिकामा.
मी म्हणालो, साहेब, पूर्णविराम टाकतो,
ते पसाभर पडले आहेत.
त्यानं आपल्या नखांतली शाई पाहिली बराच वेळ.
नको, म्हणाला. कामठीला टांगा पाठव.
भाडं त्यानंच दिलं.

वरच्या इंजिनियरला लेखाखाली नाव सापडलं नाही.
त्यानं विराम मोजले.
मंगळवारी साहेबाचं टेबल व्हरांड्यात आलं,
त्यावर पट्ट्या, कंपास, आणि कोणाची तरी अर्धी संत्री.
मी पूर्णविराम टाकले असते तर.
हे मी कोणाला बोललो नाही,
गोम्सलासुद्धा.

तो विलायतेला गेला नाही.
लोखंडवाल्याच्या दुकानामागे दोन खोल्या घेऊन
अकरा वर्षं राहिला,
मराठीत भाव करायला शिकला, वाईट शिकला.
आमच्या रंगाऱ्यांसाठी त्यानं एक शेड काढून दिली,
मोबदला एक धोतरजोडी, तीही काठाला उसवलेली.
खिडक्या बुटक्या, रुंद, उत्तरेला.
छप्पर इतकं उंच की आम्ही हसलो,
इथं हत्ती रंगवायचे काय?
या एका इमारतीविरुद्ध त्यानं काही लिहिलं नाही.
लिहिलं असेल तर मी ते जुळवलेलं नाही.

आता रंगाचे हौद फुटलेत, माणसं गिरणीत गेलीत.
पण नवतपा सुरू झाला की भर दुपारी
पुऱ्यातली सगळी कुत्री तिथं येऊन झोपतात,
पोट फरशीला लावून,
आणि मी त्यांना हाकलत नाही.